सायकलशेठचं विम्याचं कार्ड

॥ श्री ॥
केळवे, ८ फेब्रुवारी १९८८

चि. नामदेव यास हंसाबायचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

आम्ही सर्व खुशाल. यांचा खोकला थांबला. सुपारी सोलायला बसलो आहोत, म्हणून अक्षर वेडंवाकडं. तू बोईसर स्टेशनाबाहेर भाड्याच्या सायकलींचं दुकान टाकलंस, हे ऐकून बरं वाटलं. शेजारणींना मी ‘भावाचा वाहनांचा धंदा आहे’ असं सांगते.

पण परवा मंदाचं पत्र आलं. तुझ्या जांघेत गाठ आली आहे, डॉक्टर तिला हर्निया म्हणतात आणि ऑपरेशन सांगितलंय, असं तिने लिहिलं. तेही पोस्टकार्डावर! त्यामुळे आमच्या पोस्टमनलाही तुझी काळजी लागली आहे. कारखान्यात इतकी वर्षं कापडाचे तागे उचललेस, त्याची ही बक्षिसी. सख्ख्या बहिणीला कळवायचं नाही, इतकी मोठी झाली का तुझी जांघ?

ऑपरेशन कधी, ते उलट टपाली कळव. ओरडले म्हणून माया आटली असं समजू नये.

तुझी
हंसाबाय

॥ श्री ॥
बोईसर, १७ फेब्रुवारी १९८८

ती. हंसाबायस नामदेवचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

पत्र पोचलं. बायकोला यापुढे पोस्टकार्ड विकत आणायची बंदी केली आहे. गाठीचं फार मनावर घेऊ नये. ती पाहुणी आहे. दिवसभर बसते, मी आडवा झालो की आपणहून घरी जाते.

शिवाय ऑपरेशनचा प्रश्न आता उरलाच नाही. कारखान्यात होतो तेव्हा पगारातून कामगार विमा कापला जाई, औषधपाणी फुकट होई. दसऱ्याआधी शिफ्टला कंटाळून मी नोकरी सोडली, तिच्याबरोबर विमाही गेला. खाजगी इस्पितळ आपल्याला परवडायचं नाही. विम्याचं कार्ड मेलं. त्याची घडी करून मी दुकानातल्या डुगडुगत्या स्टुलाखाली सारली आहे. आता स्टूल छान बसतं.

दाजींस नमस्कार. धाकट्या भावावर लक्ष असू द्यावे, फार बारीक नको.

तुझा
नामदेव

॥ श्री ॥
केळवे, २ मार्च १९८८

चि. नामदेव यास आशीर्वाद.

कार्ड मेल्याची बातमी तू इतक्या आनंदाने लिहिलीस, की मला संशय आला. म्हणून परवा मी तुझ्या गावात येऊन गेले. तू दुकानात सायकलींना तेल देत होतास, तेव्हा मी आणि मंदा विम्याच्या दवाखान्यात होतो.

खिडकीतल्या माणसाने नीट समजावलं. नोकरी सुटली म्हणून त्याच दिवशी हक्क सुटत नाही. एप्रिल ते सप्टेंबर तुझ्या पगारातून विमा कापला गेला, त्याचा लाभ यंदाच्या जानेवारीपासून जूनअखेरपर्यंत मिळतो. तुलाही आणि मंदालाही. ऑपरेशन मुंबईला विम्याच्या इस्पितळात होईल, चिठ्ठी इथला डॉक्टर देईल. माझा विश्वास बसेना, तशी रांगेतली मुरबे गावची एक बाई मलाच म्हणाली, की अगो बाय, आमचा घोव पण असाच बोलत होता, कार्ड मेला, कार्ड मेला. जून सरेपरयंत जिता हाय, घाबरतेस कशाला.

मंदाने कार्ड काढून घेतलं आहे. स्टुलावर बसताना जप.

तुझी
हंसाबाय

॥ श्री ॥
बोईसर, २१ एप्रिल १९८८

ती. हंसाबाय यांस मंदाचा नमस्कार.

तुम्हाला किती सांगू! मार्चात म्हणाले, गिऱ्हाईक वाढलंय. मग म्हणाले, उन्हाळ्यात जखम चिघळते. तरी मी हाताला धरून दवाखान्यात नेलं, चिठ्ठी मिळाली, इस्पितळाची तारीखही मिळाली. त्या दिवशी पहाटे उठून पाहते तर हे गायब! संध्याकाळी उगवले. म्हणे सफाळ्याला एकाची सायकल पंक्चर झाली होती. हर्निया असलेला माणूस सफाळ्यापर्यंत पंक्चर काढायला जातो का, तुम्हीच सांगा.

मी रविवारी तुमच्याकडे येते. हे इस्पितळात जाईपर्यंत परत जाणार नाही. विम्याचं कार्ड बरोबर आणते, नाहीतर पुन्हा कशाखाली तरी जाईल. सुपारी सोलायला मी मदत करीन.

तुमची
मंदा

॥ श्री ॥
बोईसर, १२ मे १९८८

ती. हंसाबायस सा. नमस्कार.

मंदाला पाठवून द्यावे. भात खालून करपतो आणि वरून कच्चा राहतो, हे कसं जमतं ते मला अजून कळलेलं नाही. शेजारचा देवू पानवाला रोज विचारतो, वहिनी माहेरी गेल्या का. मी हो म्हणतो. नणंदेकडे रुसून गेली म्हटलं तर कोण विश्वास ठेवील? नणंद-भावजय एक होऊन पुरुषाला छळतात, असं आपल्या सात पिढ्यांत झालं नाही.

तब्येत उत्तम आहे.

तुझा उपाशी
नामदेव

॥ श्री ॥
केळवे, १८ मे १९८८

चि. नामदेव यास आशीर्वाद.

मंदा मजेत आहे, तिला समुद्राची हवा मानवली. आज थट्टा पुरे.

अण्णांना ऑपरेशनला आत नेलं, तेव्हा तू दाराबाहेर वडिलांच्या चपला मांडीवर घेऊन बसला होतास. दहा वर्षांचा होतास. ते परत आले नाहीत. तू आजवर त्या गोष्टीबद्दल बोलला नाहीस, पण मी तुला ओळखते. तुला तेव्हा कोणी सांगितलं नाही, म्हणून मी आज सांगते. अण्णा ऑपरेशनने गेले नाहीत. महिनाभर पोट दुखत होतं, ते ‘शेतात भात लावून होऊ दे’ म्हणत राहिले. डॉक्टर म्हणाले होते, की आधी आणलं असतं तर वाचले असते.

भीती वाटते तर वाटू दे. भीतीला घेऊन जा. पण जा.

तुझी
बाय

॥ श्री ॥
मुंबई, विम्याचे इस्पितळ, १४ जून १९८८

ती. हंसाबायस शि. सा. नमस्कार. वि. वि.

पलंगावर पडून लिहितोय. झालं एकदाचं.

तुझं पत्र आलं आणि मी ते खिशात घेऊन हिंडत होतो. मग एके दिवशी सायकली आत घेताना गाठ बाहेर आली ती परत जाईना. दगडासारखी घट्ट झाली. घाम फुटला, उलटी झाली. देवूने टपरी उघडी टाकून मला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पाय वर करून निजवलं आणि हळूहळू ती आत ढकलली. म्हणाले, या खेपेला गेली, पुढच्या खेपेला जाईलच असं नाही. मी विचारलं, आज चिठ्ठी मिळेल का. मग मंदाला तार केली, ‘कार्ड घेऊन ये’. आणखी काही लिहायला लाज वाटली.

ऑपरेशनच्या दाराशी पोचलो. मंदाने माझ्या चपला घेतल्या आणि पिशवीत टाकून दिल्या. मांडीवर घेतल्या नाहीत. तिला तू सांगितलं होतंस काय? जाग आली तेव्हा ती शेजारच्या खाटेजवळ बसलेल्या म्हातारीशी पापलेटच्या भावाबद्दल बोलत होती. इतका गोड आवाज मी आयुष्यात ऐकला नाही.

दहा दिवसांनी टाके पाहायचे आहेत, तेही कार्डावरच होईल. जड उचलायचं नाही. दुकान तोवर देवू बघतो. मंदा पायाशी बसली आहे, लिहून झालं की वाचणार म्हणते, म्हणून तिच्याबद्दल जास्त चांगलं लिहीत नाही.

तुझा
नामदेव

ता. क. हंसाबाय, मी मंदा. हे आत जाताना रडले, ते लिहायचं विसरलेत. आणखी एक. जून संपल्यावर काय, हा विचार मी तुमच्याकडे सुपारी सोलतानाच केला होता. तारापूरच्या एका कारखान्यात पॅकिंगला बायका घेतायत. मुंबईला निघायच्या आधी जाऊन भेटून आले, एक जुलैपासून या म्हणाले. पगारातून विमा कापतात, तेही विचारून घेतलं. आता कार्ड माझ्या नावाचं, आणि त्यावर कुटुंब म्हणून हे. यांना अजून सांगितलेलं नाही, टाके ओले आहेत, हसवायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलंय.