बायकांनी निवडायचे दोन टँगो

प्रिय ऊना,

हे फोनवर सांगितलं असतं तर तू मधेच "आई, आधी स्क्रीनवर काय आलं ते वाच" म्हणाली असतीस, म्हणून कागद घेतला. शाळा मी लवकर सोडली आणि शाळेनेही मला फार अडवलं नाही, तेव्हा चुका काढत बसू नकोस.

मला यंदा युहान्नुसला, त्या भर उन्हाळ्यातल्या सणाच्या रात्री, नाचायचं होतं. बास, एवढंच. म्हणून मी मे महिन्यापासून तुझं डोकं खाल्लं. इतकी वर्षं मी तळ्याकाठच्या त्या नाचमंडपात कॉफी आणि वेलचीचे पाव विकते. बायकांनी जोडीदार निवडायची वेळ झाली की तिकीटखिडकीतून हिल्का ओरडते, "मार्युत, जा की गं! पाय काय नुसतं उभं राहायला दिलेत?" आणि मी म्हणते, कॉफी उतू जाईल. कॉफी कधी उतू जात नाही.

मग हिवाळ्यात मंडपाच्या वादकाने, इल्पोने, त्याचे दोन टँगो अकॉर्डियनवर वाजवून ध्वनिमुद्रित केले. माझ्या स्वयंपाकघरात, कारण त्याच्या घरची चूल धुरकटते. म्हणाला, बोटं आखडतात, मधली, बायकांच्या निवडीची दोन गाणी यंत्राने वाजवली तर बरं. तुमच्या कंपनीचा तो गाणी वाजवणारा निळा डबा मंडपाच्या मंडळाने घेतला तो त्यासाठीच. मे महिन्यात मंडपातल्या संगणकाला डबा जोडला, बटण दाबलं, आणि टँगो असा उधळला की जणू मागे मधमाश्या लागल्यात! आवाजही चिरका. इल्पो स्वतःचंच वाजवणं ऐकून म्हणाला, "हा कोण बेवडा?" दोन गाणी झाली की बाईला जागेवर पोचवायचं हा आपला रिवाज, त्या दिवशी लोकांनी हात धरला नाही तोच पोचवायची वेळ आली.

तू सांगितलंस ते मला माझ्या परीने कळलं. तू लिहितेस तो ड्रायव्हर म्हणजे संगणक आणि डबा यांच्यातला दुभाष्या. मंडपातल्या संगणकावर सिस्टीमची नवी आवृत्ती, ती आवाजाचा वेग स्वतः ठरवते. दुभाष्या डब्याला ते सांगतच नव्हता, म्हणून डबा आपल्याच वेगाने सुटायचा. तू तो दुरुस्त केलास. मंडपात टँगो ताळ्यावर आला. मी म्हटलं, संपलं! तर तू म्हणालीस, आता घरच्या जुन्या संगणकावर लावून बघ. लावला. मुका! एक सूर नाही.

तेव्हा मी तुला फाडफाड बोलले ते मला आठवतंय. मंडपात चालतंय ना, जुनं गेलं खड्ड्यात, म्हटलं. आणि तू म्हणालीस, "आई, निम्मी गिऱ्हाइकं अजून जुन्यावर आहेत. अर्धवट माल मी पाठवणार नाही, आणि साहेबही पाठवू देणार नाही. मंडपातला ड्रायव्हरही काढून टाक." माझ्याच पोटची, आणि माझ्याहून हट्टी. युहान्नुस तोंडावर आलेला, आणि तुझी प्रत्येक दुरुस्ती दोन्हीकडे तपासायला मी तो डबा सायकलच्या टोपलीत घालून घर-मंडप, मंडप-घर करतेय. हिल्का विचारायची, "बाळ आज कसंय?"

शेवटी तुला सापडलं. जुनी आवृत्ती उत्तरासाठी थांबतच नाही. दुभाष्या डब्याला "हा वेग जमेल का?" विचारत बसतो तोवर ती दार लावून निघून जाते. म्हणून तू त्याला आधी समोर कोण आहे ते बघायला शिकवलंस: नव्यापुढे प्रत्येक गाण्याला विचार, जुन्यापुढे सुरुवातीलाच एकदा. घरी लावला, वाजला. मंडपात लावला, वाजला. तोच टँगो, त्याच चालीने. मी रिकाम्या मंडपात एकटीच टाळ्या वाजवल्या.

आणि मग युहान्नुस. बायकांची निवड पुकारली. इल्पोने अकॉर्डियन खुर्चीवर ठेवलं, बटण दाबलं आणि मंचावरून खाली उतरला. नाच चालू असताना त्याला खाली उतरलेलं आजवर कुणी पाहिलेलं नाही. मी ॲप्रनसकट सगळा मंडप ओलांडून गेले आणि म्हटलं, "चल. का आता कारणं सांगतोस?" तर हळूच म्हणतो, "मार्युत, मला नाचता येत नाही. मी जन्मभर वाजवलंच आहे." खरंच येत नाही गं! स्वतःच्याच टँगोत ठेका चुकत होता. माझ्या अंगठ्याचं नख काळंनिळं झालंय. दोन गाणी झाली, त्याने मला रिवाजाप्रमाणे माझ्या जागेवर पोचवलं, कॉफीच्या टेबलामागे, आणि तिथून तो परत गेलाच नाही. मंच रिकामा. लोक ओरडले तेव्हा गेला.

आता मुद्दा. हिल्काच्या तोंडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून लिहिते: ऑगस्टमध्ये इल्पो आणि मी लग्न करतोय. तो म्हणाला, आधी ऊनाला विचार. मी म्हटलं, विचारायचं काय, सांगायचं. पण विचारते. तुझ्या बाबांनी घर सोडल्यापासून आपण दोघीच होतो, आणि तुला वाईट वाटेल का हे फोनवर विचारायचं मला धैर्य झालं नाही. वाईट वाटलं तर तसं सांग, मी ऐकून घेईन. नाही वाटलं तर आदल्या दिवशीच ये. त्या संध्याकाळी वाजवणाराच नवरदेव आहे, म्हणजे सगळा नाच तुझ्या ड्रायव्हरवर. तोवर त्यात कृपा करून काहीही सुधारू नकोस.

तुझीच, लंगडत नाचणारी,
आई