सनाचं आयर्लंड

५ जानेवारी
दिवाळीपासून एक ओळ लिहिलेली नाही. माफी कुणाची मागायची, वाचणारी मीच. तरी लाज वाटते. लिहायला बसलं की सनाचा विषय येणार, म्हणून टाळलं.

तिला आयर्लंडला एम.एस्सी.साठी प्रवेश मिळालाय. हो-नाही महिनाअखेर कळवायचं. मला तिने जायला नको आहे. हे कुवेतहून सुट्टीवर आलेत, त्यांना विचारलं. म्हणाले, "पोरीचं सगळं तूच बघतेस. तू ठरव."
ठरवलंय. नाही. तिला अजून सांगितलेलं नाही.

८ जाने.
सना : "मम्मी, बाहेर गेल्याशिवाय माणूस वाढत नाय."
मी : "मी या अष्टमी गावातच वाढले."
"बी.एड.ला एक वर्ष पुण्यात होतीस. ते अजून सांगतेस."
सासूबाई हसल्या. एरवी हाका मारून दमायला होतं, हे बरोबर ऐकू आलं.

११ जाने.
पेणच्या एका कॉलेजात परदेशी शिक्षणावर मार्गदर्शन आहे. पालक आणि शिक्षिका म्हणून मी बोलावं, असा निरोप. विषय : परदेशी शिक्षण आणि व्यक्तिमत्त्व विकास. हो म्हटलं. विरुद्ध बोलणार आहे हे सांगितलं नाही. याला खोटं म्हणायचं का?

१७ जाने.
पेण. आधी मुलांना परदेशी पाठवणाऱ्या पनवेलच्या एका एजन्सीचा मुलगा बोलला. कोट घातलेला, मागे पडद्यावर बर्फ. "परदेशात माणूस स्वतःला भेटतो." ऐकूनच डोकं तापलं.

उठले. लिहून नेलेलं बाजूला राहिलं. म्हटलं, "माझे मिस्टर सतरा वर्षं परदेशात आहेत. खोली, कंपनीची बस, शिफ्ट, परत खोली. स्वतःला भेटले असतील तर मला अजून बोलले नाहीत. सतरा वर्षांत वाढलं ते पोट."
हॉल हसला. मला बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

मग हे दिसले. मागच्या रांगेत, सनाच्या शेजारी. माझं भाषण ऐकायला तिनेच आणलं होतं, मला न सांगता. इस्त्रीचा शर्ट घालून आले होते.

एस.टी.त तिघं एका बाकावर. वडखळ गेलं, नागोठणं गेलं. उतरताना हे म्हणाले, "पोट वाढलंय. ते खरं हाय."

१९ जाने.
हे स्वयंपाकघरात आले. दाराला टेकून उभे.
"मागल्या रमजानात आमचा एक नेपाळी फिटर वरून पडला. गेला. त्याच्या बापाला कोण सांगणार? साहेबानं मला बोलावलं. मी बोललो बापाशी. नेपाळीत."
"तुम्हाला नेपाळी येतं?"
"मल्याळमबी येतं. इथं असताना बँकेत जायचं तर तुझ्या भावाला सोबत न्यायचो मी."
"मला सांगायचं ना."
"कधी? फोनवर तू गॅस विचारतेस, आईच्या गोळ्या, सनाची परीक्षा. मग ठेवतेस."

मी जास्तच चिडले. "असलं शिकायला पाठवायचं पोरीला? कुणाच्या बापाला मेल्याचं सांगायला?"
"हितं माणसं मरत नायत काय गो?"
मग हे शांतपणे : "तू ठरव बोललो होतो. ते आता नाय. मी ठरवीन."

ज्याला इतकी वर्षं साखरेचा डबा कुठे असतो ते विचारावं लागतं, तो ठरवणार.
(हे लिहायला नको होतं. पण खोडणार नाही.)

२२ जाने.
माझ्याशी बोलत नाहीत. सनाशी बोलतात. आज तिला एका माणसापुरता भात शिकवत होते, माझ्या ओट्यावर. "कुकर नको, छोटा टोप घे. उरला तर सकाळी कांदा टाकून परतायचा." मी बाहेर वह्या तपासत बसले. एकच वही बराच वेळ.

भात चांगला झाला होता. मी खाल्ला नाही.

२४ जाने.
माझा राग नक्की कशाचा? हे मार्चमध्ये जाणार, सना गेली तर पावसाळ्यानंतर जाणार; मग मी आणि सासूबाई. त्याचाच असावा. स्वार्थ आहे. तरी त्या कोटवाल्याचं मला आजही पटत नाही. हे तिकडे घडले असतील, चार भाषा शिकले असतील. मला त्यातून मिळाला तो वर्षाला दोन महिने गप्प बसणारा माणूस. या वाढण्यात घरात राहिलेल्याचा हिशेब कुणी पडद्यावर का दाखवत नाही...

आणि मी फोन का ठेवत होते? तेच ते शिळं बोलणं वाटायचं. कदाचित मलाच ऐकायचं नव्हतं. तिकडे त्यांचं बरं चाललंय असं कळलं असतं तर मला सोसलं नसतं.

२६ जाने.
झेंडावंदन करून आले. हे सनाला म्हणत होते, "उद्या रातच्याला जेवल्यावर तुला सांगतो काय ते." मला बघून उठले.
मग सना आत आली. माझ्याकडे न बघता, "मम्मी, तुझं काय?"
"बघू."
"तुझं बघू म्हणजे नाय असतं."
असतं. आजपर्यंत असायचं.

उद्या : सनाला उत्तर द्यायचं : हो. यांच्याआधी.