नव्या मशीनचं पुढं जाणारं घड्याळ

सोम., १६ नोव्हें. ९८
जिनिंगच्या फाटकाबाहेर कापसाच्या गाड्या, पार रस्त्यापर्यंत. आत थंड खोलीत माझं दुखणं वेगळंच. जुना सर्व्हर काढायचा आहे. हापिसातल्या सगळ्यांची नावं, पासवर्ड, कोणाला काय उघडू द्यायचं, सगळं त्याच्या पोटात. ते नव्याच्या हवाली केलं की म्हाताऱ्याची सुटी. हुकूम दिला तर एरर. दोघांची वेळ जुळत नाही म्हणे. पाहतो तर नव्याचं घड्याळ पुढं! मागं आणलं. हैदराबादचा इंजिनियर फारुख फोनवर म्हणाला, "चाचा, पूरा एक दिन दोनों का टाइम एक रहने दो, फिर निकालना."

मंगळ., १७
पुन्हा पुढं. आपोआप? छे. कोणाचा तरी हात आहे.
खोलीच्या किल्ल्या दोन. एक माझ्या कमरेला, दुसरी ऑपरेटर राजन्नाकडे. शेठ बोलून बसलेत, जुनं मशीन गेलं की राजन्नाचं काम संपलं. म्हणजे म्हातारा अडून राहिला तर फायदा कोणाचा... मनात पाल चुकचुकली. बोट धरून शिकवलेला माणूस. लिहितानाही बरं वाटत नाही.

बुध., १८
राजन्नावर डोळा ठेवला. जुन्याला फडक्यानं पुसत होता.
"काऊन रे, जाणाऱ्याला काऊन पुसून राह्यला?"
"मामा, याच्यावर लेकरं जगली माझी. मळकं कसं पाठवू?"
बोलला, पण वर पाहिलं नाही. काऊन नाही पाहिलं?
दुपारी तीच एरर. फारुख: "कोई जान-बूझ के कर रहा है. शेठ को नाम देना पड़ेगा, चाचा."

गुरु., १९
राजन्नाची किल्ली मागितली. काही न विचारता काढून दिली. अर्ध्या डब्यावरून उठला.
दुपारी घड्याळ पुन्हा पुढं. किल्ल्या दोन्ही माझ्या कमरेला! मग?

शुक्र., २०
सापडलं. दिवसा खोली उघडी असते, अन् पावत्या काढणाऱ्या सुशीलाबाई तिथल्या गारव्यात डबा ठेवतात. आज दाराआडून पाहिलं. डबा ठेवला, नि बसल्या नव्याच्या पुढ्यात.
"सुशीलाबाई, हे काय?"
"अवो भाऊ, पावतीवर एक टाइम, भिंतीवर दुसरा. गाडीवाले भांडतात ना, माझा नंबर आधी म्हणून! म्हणून रोज भिंतीवरच्यासारखं करून देतो मी."
भिंतीवरचं! ते आम्हीच दहा मिनिटं पुढं ठेवतो, संध्याकाळची किनवटची बस चुकू नये म्हणून. वर्षानुवर्षं असंच. मशीनला ते कोण सांगणार? हसू आलं. मग राजन्नाचा अर्धा डबा आठवला, अन् हसू जिथल्या तिथं.
भिंतीवरचं बरोबर केलं. बाईंचा डबा बाहेर, खोलीला कुलूप. बाई फणकारल्या, "आता बस चुकली तं मले सायकलवर सोडा किनवटले!"
राजन्नाला किल्ली द्यायला गेलो.
"राहू द्या मामा. तुमच्यापाशीच बरी."
हात पुढं केलाच नाही त्यानं.

शनि., २१
दिवसभर दोन्ही घड्याळं एक. फारुख खूश. सोमवारी शेठसमोर जुना काढायचं ठरलं. शेठनी राजन्नाला बोलावून सांगितलं, "सोमवारचा दिवस भर, मग येऊ नको."
तो मान हलवून बाहेर आला. पुन्हा फडकं घेऊन जुन्यापाशी. मी कुलूप लावायला थांबलो होतो, तर म्हणाला, "झालंच मामा."
घरी जेवण गेलं नाही.

सोम., २३
शेठ मागं उभे. हुकूम दिला.
एरर. नव्याचं घड्याळ पुढं. भिंतीवरचं बरोबर. सुशीलाबाई शनिवारपासून रजेवर.
फारुख फोनवर: "चाबी किसके पास थी?"
"मेरे पास."
"दोनों?"
"दोनों."
शेठ माझ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "फारुख स्वतः येऊन पाहील. तोवर जुना चालू राहू द्या. राजन्नालाही."
ते गेल्यावर राजन्ना दारात. खालच्या आवाजात, "मामा... तुमी?"
म्हटलं, "फडकं कुठं ठेवलं रे? जुन्यावर धूळ बसून राह्यली."