तीन बगळ्यांची ढाल

पायर्स भावोजी,

आज ह्यांना गावच्या चर्चमध्ये पुरलं. दोन राजांच्या भांडणात तुम्ही भाऊ समोरासमोर उभे राहिलात, म्हणून मलाच कळवावं लागतंय.

"हॅमनदादा घोड्यावरून पडायलाच जन्मलाय," असं तुम्ही चिडवायचात ना? लढाईच्या दिवशी हे स्वतःहून उतरले आणि पुलावर पाय रोवून उभे राहिले. गावची माणसं सुखरूप निसटेपर्यंत तुमच्या राजाचं सैन्य खोळंबलं. अंगावरचे सगळे घाव समोरून आहेत. मीच ह्यांना धुतलं.

वॅटकिन पाथरवट कबरीवर आपल्या घराण्याचं चिन्ह, तीन बगळ्यांची ढाल, कोरत होता, तेवढ्यात तुमच्या राजाचा कारभारी आला.

"बाई, बंडखोराच्या कबरीवर हे बगळे चालायचे नाहीत. खरवडून काढा."

"काढते की! पण माझे दीर तुमच्याच राजाच्या पंगतीला बसतात. त्यांच्या ढालीवरही हेच तीन बगळे आहेत. आधी ते खरवडून या."

आल्या पावली परत गेला.

हे पत्र मी धाडणार नाही. तुमचे आभार मानल्यासारखं होईल. बगळे तेवढे सांभाळा, भावोजी. ह्यांनी त्यांना डाग लागू दिला नाही.

सर हॅमन यांची,
सिसिली