ठेंगण्या पुलाखाली

३ मार्च, मंगळ. ओजिमा, जपान
मिहिर ऑफिसातून आल्या आल्या म्हणाला, "आई, शनिवारी बोटीने कालव्यातून फिरून येऊ. कधीची म्हणतेयस." इथे आल्यापासून म्हणतेय. लेकाला आज आठवलं. खिडकीतून त्या लांबट, चिंचोळ्या बोटी दिसतात. मी आणि इरा त्यांना हात करायचो. आता नात मोठी झाली, हात करत नाही.

६ मार्च, शुक्र.
चादर बदलताना माझ्या पलंगाच्या पायथ्याशी स्टिकर दिसला. जपानी वाचता येत नाही, पण हा ओळखते. मागे जुना पंखा टाकला, त्याच्यावरही असाच होता. मोठा कचरा न्यायला गाडी सांगायची, तर कोपऱ्यावरच्या कोनबिनी दुकानातून आणून हाच चिकटवतात. वर तारीख, १०.
नवा पलंग घेणार असतील. माझ्या गुडघ्यांसाठी उंच. सूनबाईने गुपित ठेवलंय. विचारलं नाही, रेवतीचा विरस नको.

७ मार्च, शनि.
बोट. बोचरा वारा. काठावर लवकर फुलणारा साकुरा, गडद गुलाबी. मध्येच बोट पेटीसारख्या एका जागेत शिरली. मागचं दार बंद, पुढचं बंद, आणि पाणी हळूहळू वर. इराला म्हटलं, तुझ्या आजोबांना किती आवडलं असतं! ती जपानीत काहीतरी बोलली. रेवती हसली. मला कोणी सांगितलं नाही.
मग ठेंगणा पूल. नावाडी ओरडला, सगळ्यांनी डोकी गुडघ्यांत घातली. अंधार. कानाशी मिहिर: "आई, तुझं तिकीट काढलंय, पंचवीस तारखेचं. पुण्यात एक जागा बघितलीय, तुझ्याच वयाची माणसं असतात. इराला खोली लागते गं आता."
उजेडात आलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. "आई, इकडे बघ." फोटो.
कॉन्व्हेंटात सिस्टर सांगायच्या, पाठ ताठ, हात मांडीवर, चेहरा हसरा. फोटो छान आलाय.

१० मार्च
पलंग गेला. नेणाऱ्यांनी मला वाकून नमस्कार केला. रेवती म्हणाली, "काय करू आई, गाडीची हीच तारीख मिळाली. थोडेच दिवस तर राहिलेत. गादी ठेवलीय तुम्हाला." खाली झोपलं की उठवत नाही. इराने हात दिला, उठवलं. मग तिथेच टेप लावून टेबलाचं माप घ्यायला बसली. "आजी, पाय घे ना."

१२ मार्च, गुरु.
इराला सांभाळायला ये म्हणून मिहिरने माझी कोथरूडची जागा विकायला लावली होती. "तुझं घर आता हेच," म्हणाला होता. आठवतं का, एवढंच विचारायचंय. घरात तोंड उघडलं की त्याची मीटिंग निघते.
इराकडून फोनवर शनिवारची बोट ठरवून घेतली. दोघांचीच, मिहिर आणि मी. पुलापर्यंत थांबणार नाही. त्या पेटीत असतानाच विचारीन. दोन्ही दारं बंद असतात, कोणाला उठून जाता येत नाही. उजेडही असतो.
जेवताना त्याला सांगितलं.
"शनिवारी? बघतो गं," म्हणाला. ताटातून मान वर न करता.