फाटकावरची हिरवी डहाळी

प्रिय आल्बिनदादा,

गेल्या वर्षी याच दिवसांत एका सकाळी मी पेले पुसत होते आणि स्तांको फाटकावर हिरव्या वेलीची डहाळी बांधत होता. तुमच्या डोंगरात ही रीत नाही. डहाळी दिसली की सीमेच्या दोन्हीकडचे लोक आमच्या अंगणात घरची वाइन प्यायला येतात.

यंदा स्तांको नाही; लग्नानंतर त्याच्याशिवायचा हा पहिलाच हंगाम. पिंपात त्याच्या हातची शेवटची वाइन आहे. ती परक्यांना ओतून द्यायला मन होईना.

परवा शेजारची मिल्का कुंपणावरून ओरडली, "अगं वेस्ना, त्याच्या वाइनचं काय व्हिनेगर करणार आहेस?"

"तूच पिऊन टाक!"

"एकटी? तो वर बसून शिव्या देईल मला!"

मी हसले, दादा.

माझी काळजी करू नकोस, वेळेवर जेवते. तू दिलेलं पुस्तक पुन्हा वाचतेय. वहिनीचा गुडघा कसा आहे?

आणि हो, काल मी शिडी लावली आणि फाटकावर डहाळी बांधली.

तुझी धाकटी,
वेस्ना