कॅसेटमधला आवाज

पुणे, १२ मे २००३

तीर्थरूप आईस,
द्वारकाचा पाया पडून नमस्कार. मी बरी आहे. अक्षर मोठं काढलंय, सावकाश वाच.

इथे विद्यापीठात डॉक्टर आणि मानसशास्त्राची माणसं मिळून, दुष्काळात बायकांच्या जिवाला काय घोर लागतो ते अभ्यासतात. त्यांच्या मुलाखतींच्या कॅसेटी ऐकून मी लिहून काढते. त्यांवर नावं नसतात.

परवा दूध सोसायटीच्या गुरांच्या छावणीतली कॅसेट लावली. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारलं, "मनातलं कुणाशी बोलता?"

"म्हशीपाशी. लेक लांब हाय, तिला कावून सांगू? दोन महिने झाले, पोटभर जेवले न्हाई."

आई, तो तुझा आवाज होता. मला तर तू दर पत्रात "आमी मजेत हाव" लिहितेस.

ओळखीच्या माणसाचं ऐकायचं नाही, असा इथला नियम. मी मशीन बंद करून मॅडमना सांगितलं. त्यांनी कॅसेट माझ्या शेजारच्या टेबलावर लिहिणाऱ्या मुलीला दिली. काल लिहिता लिहिता तिचे डोळे भरून आले. तू पुढे काय बोललीस, ते मला तिला विचारता येत नाही.

धाकटा सुग्रीव तुला छावणीत घरून वेळेवर डबा आणून देतो ना?

शनिवारी मी येते. त्याला मांजरसुंब्याच्या स्टँडवर मला घ्यायला पाठव. छावणीत तुझ्यापाशीच राहीन. आपण दोघी एका ताटात जेवू.

तुझी लेक,
द्वारका